‘प्रयोगशाळेतील किडनी’च्या बातमीने रुग्णांचे भले होते का?

जीवशास्त्राची प्राध्यापिका (धागालेखिका):

मूलपेशींपासून, म्हणजे शरीरातील निरनिराळ्या प्रकारच्या पेशी घडवू शकणाऱ्या पेशींपासून, मूत्रपिंडाची ऊती वाढवण्याच्या संशोधनाचा विषय निघाला की दोन टोकाच्या प्रतिक्रिया कानावर येतात. ‘आता किडनी प्रयोगशाळेतच तयार होणार’ असा आनंद एका बाजूला, तर ‘किती वर्षे हेच ऐकतो आहोत, हाती काय आले?’ असा त्रागा दुसऱ्या बाजूला. मला दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या वाटतात, कारण या संशोधनाचा खरा उपयोग कशात आहे याकडे दोन्ही बाजूंचे लक्ष नाही.

ऑक्टोबर २०१५ मध्ये मेलबर्नच्या मर्डोक चिल्ड्रन्स रिसर्च इन्स्टिट्यूटमधील मेलिसा लिटल, मिनोरू ताकासातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचा पाया शिन्या यामानाका यांनी घातला होता. माणसाच्या त्वचेतील साध्या पेशीला पुन्हा मूलपेशीच्या अवस्थेत नेता येते हे त्यांनी २००७ मध्ये दाखवले, आणि २०१२ च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी ठरले. लिटल यांच्या गटाने अशा पेशी घेऊन गर्भात मूत्रपिंड ज्या क्रमाने घडते तोच क्रम बशीत घडवून आणला. गर्भात दोन ऊती एकमेकींना संकेत देत वाढतात. एकीतून रक्त गाळणारे नेफ्रॉन तयार होतात आणि दुसरीतून मूत्र वाहून नेणाऱ्या संग्राहक नलिका. वाढीचा संकेत देणारे रसायन पेशींना किती दिवस द्यायचे, यावर त्या यांपैकी कोणत्या वाटेने जातात हे ठरते, आणि तो काळ नेमका साधला तर दोन्ही प्रकारच्या पेशी एकाच वेळी मिळतात. या संपूर्ण कामातील मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हाच आहे.

सात दिवसांनी सुमारे पाच लाख पेशींची गोळी करून ती सच्छिद्र पडद्यावर ठेवतात. खाली पोषक द्रव असतो आणि वर हवा. पुढच्या अठरा दिवसांत तिची काही मिलिमीटरांची पांढुरकी चकती होते. निरनिराळ्या खुणांच्या रंगांनी रंगवून ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली की गाळणीचे पुंजके, त्यांना जोडलेल्या वळणदार नलिका, इतकेच काय, रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशीही ओळखता येतात. जनुकांच्या पातळीवर या ऊतीचे साम्य पहिल्या तिमाहीतील गर्भाच्या मूत्रपिंडाशी आढळले.

हे मूत्रपिंड नव्हे. माणसाच्या एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात, तर या चकतीत ते शंभराच्या घरात असतात. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो आणि मूत्र बाहेर जायला वाटही नसते. पण त्याच शोधनिबंधात तिला सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरील औषध दिले, तेव्हा रुग्णाच्या मूत्रपिंडात ज्या भागाला इजा होते त्याच नलिकांच्या पेशी मेल्या. औषध माणसाला देण्याआधीच ते मूत्रपिंडाला कितपत घातक आहे हे मानवी ऊतीवर तपासता येणे, एवढ्या एका कारणासाठीही या कामाला भरघोस पाठबळ मिळायला हवे असे मला ठामपणे वाटते.

डायलिसिस तंत्रज्ञ:

ताई, विज्ञानाचे तुमचे विवेचन मला मान्य आहे. निष्कर्ष मान्य नाही. मी चौदा वर्षे डायलिसिसच्या मशीनशेजारी उभा राहून काम करतो आहे. रुग्ण आला की आधी त्याच्या मनगटावर बोटे ठेवून फिस्टुलाची, म्हणजे सुई लावण्यासाठी शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेची, थरथर लागते का ते पाहतो, कारण ती थांबली असेल तर सुई लावायची कुठे हाच प्रश्न उभा राहतो. मग वजन करतो आणि मागच्या वेळेपासून किती पाणी अंगात साठले ते मोजून तेवढे चार तासांत काढतो. आठवड्यातून तीनदा हेच चालते, आणि मधल्या दिवसांत तो माणूस पाण्याचा पेला हातात घेऊन घोट मोजतो.

अशाच एका तरुणाने मला मोबाईलवर ‘प्रयोगशाळेत किडनी तयार’ अशी बातमी दाखवली. त्याची आई किडनी द्यायला तयार होती आणि तपासण्याही जुळल्या होत्या. तो म्हणाला, “आईला कशाला कापायचे? दोन-तीन वर्षे थांबतो.” मी आणि आमच्या डॉक्टरांनी पुष्कळ समजावले, पण तो थांबलाच. डायलिसिसवर जितकी अधिक वर्षे जातात तितके पुढे प्रत्यारोपणाचे फळ कमी होत जाते, हे आमच्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. अडीच वर्षांनी त्याचे हृदय इतके दुबळे झाले होते की शस्त्रक्रियेचा विचारच सोडून द्यावा लागला.

आपल्याकडे मस्तिष्क-स्तंभ मृत्यूला, म्हणजेच ‘ब्रेन डेथ’ला, १९९४ च्या कायद्याने मान्यता दिली, आणि अशा मृताचे अवयव घेण्याची वाट खुली झाली. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबांना जवळच्या नातलगांत घेतले आणि दोन कुटुंबांतील दात्यांच्या अदलाबदलीची वाट मोकळी केली. तरीही बहुतेक मूत्रपिंडे आजही जिवंत दात्यांकडून, त्यातही आई, पत्नी आणि बहीण यांच्याकडूनच येतात. समाजाचे लक्ष आणि सरकारचा पैसा दोन्ही मर्यादित आहेत, आणि ते आधी अवयवदानाकडे वळले पाहिजेत.

धागालेखिका:

त्या तरुणाविषयी वाचून फार वाईट वाटले. बातमीतला ‘किडनी’ हा शब्दच चुकीचा आहे, हे मी बिनशर्त मान्य करते. ‘ऊती’ किंवा ‘ऑर्गनॉइड’ (अवयवासारखी रचना असलेली बशीतली छोटी ऊती) म्हटले असते तर त्याचा तसा समज झाला नसता. पण हा दोष संशोधनाचा नाही. माणसाचे नेफ्रॉन गर्भाच्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास बनायचे थांबतात आणि पुढे आयुष्यभर एकही नवा बनत नाही, म्हणूनच हा अवयव एकदा गेला की परत येत नाही. नेफ्रॉन बनतो कसा हे समजून घेण्याचे काम कुणीतरी करायलाच हवे. २०१८ मध्ये नेदरलँड्समधील लायडनच्या संशोधकांनी अशी ऊती उंदराच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली बसवली, तेव्हा उंदराच्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरल्या आणि ती अधिक प्रगल्भ झाली. मात्र या ऊतींमध्ये नको असलेल्या पेशीही तयार होतात, त्यामुळे ती माणसाच्या अंगात बसवण्याची वेळ अजून आलेली नाही.

एका रुग्णाची पत्नी:

दोष केवळ बातमीच्या शब्दांचा नाही. ‘मूलपेशी’ हा शब्द ऐकूनच आम्ही एका केंद्रात गेलो होतो. तिथे यजमानांच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढून तीच सलाइनमधून परत दिली, क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) उतरेल असे तोंडी सांगितले आणि पावतीवर फक्त ‘उपचार’ एवढेच लिहिले. क्रिएटिनिन उतरले नाही; माझ्या बांगड्या मात्र गेल्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या व तत्सम ठरावीक विकारांसाठी होणारे रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण सोडले तर अन्य कोणताही मूलपेशी उपचार मान्य नाही, हे आम्हाला नंतर कळले. मेलबर्नच्या प्रयोगशाळेचा याच्याशी काही संबंध नाही हे मला समजते. पण तिच्या यशाच्या बातमीची कात्रणे त्या केंद्राच्या भिंतीवर चौकटीत लावलेली मी स्वतः पाहिली आहेत, म्हणून संशोधकांनी आपल्या प्रत्येक निवेदनात ‘हा उपचार नाही’ हे पहिल्याच वाक्यात लिहावे अशी माझी मागणी आहे.

एका रुग्ण मुलीचे वडील:

वरील दोघांचे दुःख मी जाणतो, तरीही मी धागालेखिकांच्या बाजूचा आहे. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीची मूत्रपिंडे जन्मजात जनुकीय दोषामुळे निकामी होत आहेत. तिच्या जनुकीय तपासणीच्या अहवालात एका बदलापुढे ‘अर्थ अनिश्चित’ असे लिहिले आहे, म्हणजे आजाराचे कारण हेच का, हे कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. लिटल यांच्याच गटाने २०१८ मध्ये आयएफटी१४० या जनुकात दोष असलेल्या एका रुग्णाच्या पेशींपासून ऊती वाढवली. तिच्या नलिकांच्या पेशींवरील सूक्ष्म केस टोकाला गदेसारखे फुगलेले होते. त्याच रुग्णाच्या पेशींतील दोष दुरुस्त करून पुन्हा ऊती वाढवली, तेव्हा ते केस नीट वाढले. कारण कोणते, याचे इतके स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे कुठेही सापडलेले नाही. अवयवदान वाढले तर माझ्या मुलीला उद्या मूत्रपिंड मिळेल आणि त्यासाठी मी नाव नोंदवणारच आहे, परंतु दुसरे मूल होऊ द्यावे की नाही, हा आम्हा नवरा-बायकोचा प्रश्न अवयवदानाने सुटणारा नाही.

डायलिसिस तंत्रज्ञ:

दादा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि अशा कामासाठी पैसा नको असे मी यापुढे म्हणणार नाही. अवयवदान आधी, हे माझे म्हणणे मात्र कायम आहे. ताई, तुम्ही वर ‘हे मूत्रपिंड नव्हे’ म्हणून जो परिच्छेद लिहिला आहे, तो तुमच्या परवानगीने मोठ्या अक्षरांत छापून आमच्या केंद्रात वजनकाट्याच्या वर लावू इच्छितो. तिथे प्रत्येक रुग्ण आठवड्यातून तीनदा उभा राहतो.