मदत हवी आहे: मांड्या जाम, शनिवारी मॅच

बॅक_नंबर_४
लोकहो अर्जंट. मांड्या असल्या धरल्यात की जिना कठडा धरून आडवा आडवा उतरतोय, सकाळी संडासात नळ धरून बसलो. शनिवारी फुटबॉलची मॅच आहे, आमच्याकडे दुसरा लेफ्ट बॅक नाही. बर्फ की गरम पाणी एवढंच सांगा, लेक्चर नको.

साखळी_एक्सप्रेस
बर्फ. मी मासळीवाल्याकडून आणतो, टबात टाकायचा, पाणी १० ते १५ अंश, १० मिनिटं बसायचं. बायको विचारते बांगडे कुठायत.

म्हार्दोळची_ताई
आधी केलंस काय ते सांग ना. वय? कधीपासून दुखतंय? ताप आहे का?

बॅक_नंबर_४
३८. ताप नाही. सोमवारी थोडं धावलो, नेहमीचंच. आज बुधवार.

फेणीभक्त
बर्फबिर्फ सोडा, फेणी चोळ. अर्धी बाहेरून अर्धी आतून.

म्हार्दोळची_ताई
आतून नको रे बाब, झोप मोडते आणि झोपेतच तर शरीर भरून येतं.

पिळदार
लॅक्टिक ॲसिड साचलंय. मसाजवाल्याकडून पिळून काढून घे.

म्हार्दोळची_ताई
ते तासा-दोन तासांत निघून जातं, बुधवारपर्यंत बसून राहत नाही. स्नायूंना बारीक इजा होऊन सूज येते त्याचं दुखणं हे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. मसाजने बरं वाटेल, पण पिळून काही निघत नाही.

पिळदार
मी १२ वर्षं जिम करतोय.

साखळी_एक्सप्रेस
मग बर्फात बसू नकोस, वजनं उचलल्यावर रोज थंड पाण्यात बसलं तर स्नायू कमी वाढतात म्हणे. आम्हा फुटबॉलवाल्यांना काय, दुसऱ्या दिवशी पाय चालले म्हणजे झालं.

पेडण्याचो_भाटकार
बूट कुठले वापरता? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चांगले मिळतात.

बॅक_नंबर_४
बुटांचं कोणी विचारलंय?? काल दोन पेनकिलर घेतल्या, रिकाम्या पोटी, काही फरक नाही. आणि ताई ताप कशाला विचारलात?

म्हार्दोळची_ताई
पावसात चिखलात खेळता, पायाला खरचटलेलं असतं. पोटऱ्या दुखून ताप आला तर लेप्टोची (उंदराच्या लघवीने खराब झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा आजार) तपासणी करायची, घरी बसायचं नाही. आणि घाम गाळून पाणी न पिता वर पेनकिलर म्हणजे किडनीवर ताण. लघवी कोलासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी डॉक्टर. आता खरं सांग सोमवारी काय केलंस.

बॅक_नंबर_४
लघवी नॉर्मल. ठीक आहे सांगतो, हसू नका. चढायला दम लागतो म्हणून मित्र मला स्कूटरवरून फर्मागुडीला वर सोडायचा आणि मी खाली फोंड्याकडे धावत यायचो. सहा वेळा.

साखळी_एक्सप्रेस
सहा वेळा खाली!! स्कूटरला ट्रेनिंग दिलंस.

म्हार्दोळची_ताई
हेच ते. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक मारत असतो, त्याने सपाटीपेक्षा कितीतरी जास्त दुखतं. शनिवारपर्यंत बरंच उतरेल. हळू चाल, सायकल मार, जोरात स्ट्रेचिंग नको, पोटभर जेव. काही आठवड्यांत परत उतरलास तर इतकं दुखणार नाही, पण फेऱ्या दोनच.

फेणीभक्त
जेवायला उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर. घामातलं मीठही भरून निघतं.

पिळदार
प्रोटीन कुठाय पेजेत?

फेणीभक्त
बांगडा काय झाडाला लागतो काय?

पेडण्याचो_भाटकार
उतारावर बुटात पुढे जागा लागते, नाहीतर अंगठ्याचं नख काळं होतं. म्हणून विचारलं.

बॅक_नंबर_४
नख काळं झालंय खरं. बर्फ आणायला गेलो होतो, मासळीवाली म्हणाली नुसता बर्फ मिळणार नाही, किलोभर बांगडे घे. घेतले. आता ते घरी कोण साफ करणार, मला खाली बसता येत नाही.