अण्णांचा रिपोर्ट

नंदूकाका: अण्णांचा बायोप्सी रिपोर्ट आला. फोटो टाकलाय. २७ पैकी २ गाठींत कॅन्सर आहे म्हणे. म्हणजे अजून दोन गाठी राहिल्यात का आत?

मंजूआत्या: अगं बाई! अख्खं जठर काढलं ना?

स्मिता: राहिल्या नाहीत काका, काढलेल्यातल्याच आहेत. काखेत अवधाण येतं ना, तसल्या ग्रंथी जठराभोवती असतात. त्या २७ काढून तपासल्या, दोनमध्ये पेशी सापडल्या. निदान १६ तरी तपासायला हव्यात. पाच-सहाच बघून 'एकीतही नाही' लिहिलं असतं तर मला जास्त धास्ती वाटली असती. आणि खालची ओळ वाचा, मार्जिन क्लिअर. कापलेल्या कडेला काही नाही. माझ्या लेखी ती ओळ सगळ्यात मोठी.

मिलिंददादा: नेटवर ५ वर्षं जगणारे ३६ टक्के दाखवतंय. बाबांचं नाही, जनरल विचारतोय.

अण्णा: माझंच विचार. मीही आहे ग्रुपवर.

स्मिता: अण्णा 🙏 दादा, तो २००६ च्या ब्रिटिश अभ्यासातला आकडा. नुसतं ऑपरेशन केलेले २३ टक्के, आधी-नंतर केमो घेतलेले ३६. अण्णांना दिलं ते फ्लॉट नावाचं केमो, त्याच्या नंतरचं. २०१९ च्या जर्मन अभ्यासात निम्मे पेशंट ५० महिन्यांच्या पुढे गेले, जुन्या औषधांवरचे निम्मे ३५ महिन्यांच्या. त्यात अण्णांपेक्षा पुढच्या स्टेजचेही होते. पण गोम अशी की चार डोस आधी आणि चार नंतर, हे आठही निम्म्या पेशंटना पूर्ण घेता आले नाहीत. ऑपरेशननंतर अंगात ताकदच उरत नाही.

नंदूकाका: वजन किती आता?

माईकाकू: ५२. आधी ६१ होतं.

मंजूआत्या: मी साजूक तुपातला शिरा पाठवते.

स्मिता: आत्या, शिरा नको गं. जठर नाही म्हणजे गोड थेट आतड्यात उतरतं, दरदरून घाम येतो, छातीत धडधडतं. थोडं थोडं सहा-सात वेळा, जेवताना पाणी नाही. आणि बी-१२ चं इंजेक्शन कायमचं. यकृतातला साठा दोन-तीन वर्षं पुरतो, म्हणून लोक विसरतात.

माईकाकू: आत्ता अर्धी वाटी मऊ भात नि अंडं खाल्लं. चारला ताकातली आंबील.

अण्णा: आंबील अळणी असते.

माईकाकू: मिलिंद, शनिवारी येताना वजनकाटा आण. आमचा रोज वेगळं दाखवतो.