इलेक्ट्रिक गाडी: तुमचा आकडा सांगा, तुमची चूकही सांगा

गाडी दारात येऊन चौदा महिने झाले, काटा १९,००० किलोमीटरवर आहे. भेटेल तो एकच विचारतो, 'एका चार्जिंगमध्ये किती जाते?' पेट्रोलच्या गाडीला कुणी 'टाकी भरली की किती जाते' असं विचारत नाही, ॲव्हरेज विचारतात. मग इथेही ॲव्हरेजच विचारूया की. माझं पडद्यावर दिसतं ते एका युनिटला ७.१ किलोमीटर.

पण ही अर्धी गोष्ट झाली. चार्जिंगच्या लाइनवर मी वेगळा मीटर बसवला, त्याच्या हिशेबाने ६.३ पडतं. मधली वीज घरातल्या एसी प्रवाहाचा बॅटरीला लागणारा डीसी प्रवाह होताना उष्णता बनून जाते, शिवाय चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीतला इलेक्ट्रॉनिक कारभार जागा असतो, तोही खातो. म्हणून फार कमी अँपिअरवर रात्रभर रडतरखडत चार्ज करणं उलट महाग पडतं.

तर आकडा लिहा, आणि सुरुवातीला केलेला एखादा गाढवपणाही. मीच सुरू करतो. गाडी कंपनीने सांगितलेली रेंज खरी मानून पहिल्याच लांबच्या प्रवासाला निघालो आणि शेवटचे चाळीस किलोमीटर एसी बंद, काचा बंद, ट्रकच्या मागे मागे असे काढले. घरचे अजून तो प्रवास विसरलेले नाहीत.

*

माझा गाढवपणा मोठा आहे, म्हणून आकड्याच्या आधी तोच.

गाडीसोबत आलेला छोटा चार्जर मी पार्किंगमधल्या साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावायचो. तोही एक्स्टेन्शन बोर्डातून, कारण वायर दोन हात कमी पडायची. तीन आठवडे काही झालं नाही. एका रात्री पाणी प्यायला उठलो तर खिडकीतून जळक्या प्लास्टिकचा वास. खाली जाऊन बघतो तर सॉकेटचं एक भोक तपकिरी झालेलं, त्याच्याभोवतीचं प्लास्टिक मेणासारखं ओघळलेलं आणि प्लगची पिन आत चिकटून बसलेली. मेन स्विच पाडला, मगच हात लावला.

वायरमनने जे सांगितलं ते गाडी देतानाच सांगायला हवं होतं. गीझरही एवढाच करंट ओढतो, पण पंधरा-वीस मिनिटांत थांबतो. गाडी तेरा अँपिअर सलग नऊ-दहा तास ओढते. आत एखादा स्क्रू जरा जरी सैल असला तरी तिथे उष्णता साठत जाते. आता मीटरपासून थेट वेगळी लाइन टाकली आहे, जाड तांब्याची वायर, तिचा स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की पडणारा), नीट अर्थिंग. त्यावर भिंतीवरचा ७.४ किलोवॉटचा चार्जर.

अर्थिंगवरून आठवलं: पाहुण्यांकडे गेलो तेव्हा चार्जरचा लाल दिवा काही केल्या जाईना. चार्जर बिघडला म्हणून मी चरफडत होतो. त्यांच्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. पाहुण्यांना तीस वर्षांनी हे गाडीमुळे कळलं.

आकडा: ६.८.

*

गर्दीत इलेक्ट्रिक गाडी फार देते हे खरं, पण एसीचा हिशेब धरा. एसी तासाला साधारण एक युनिट खातो असं समजा. ताशी २०च्या गर्दीत दहा किलोमीटरला अर्धा तास, म्हणजे अर्धं युनिट एसीलाच. ताशी ८०ने तेच दहा किलोमीटर साडेसात मिनिटांत, म्हणजे युनिटचा आठवा हिस्सा.

महामार्गावर मात्र वारा खातो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गात वाढतो. ८०चे ११० केले की तो जवळपास दुप्पट. माझी गाडी ८०ला ७.५ देते, ११०ला ५.४. पंधरा मिनिटं वाचवायला जायचं आणि पुढे चार्जरवर पंचवीस मिनिटं बसायचं, हे मी दोनदा केलं आहे.

*

आमचं घर डोंगरावर आहे, त्यामुळे माझी अडचण इतरांच्या उलटी. रात्री १०० टक्के चार्ज केली, सकाळी उतार लागला, सवयीने पाय उचलला आणि गाडी मंदावेचना! पोटात गोळा आला. ब्रेक दाबल्यावर थांबली, पण तोवर घाम फुटला होता. कारण साधं आहे: पाय उचलला की एरवी गाडी वीज बनवत मंदावते, पण बॅटरी काठोकाठ भरलेली, मग उतारावर तयार होणारी वीज ठेवायची कुठे? आता ८५वर थांबवते आणि उतारावर फुकटचे दोन-तीन टक्के गोळा करत खाली येते.

चढाला गाडी खाते म्हणून घाबरणाऱ्यांसाठी: माणसांसकट १७०० किलो वजन ६०० मीटर वर चढवायला पावणेतीन युनिटं लागतात. रस्त्याचं नेहमीचं खाणं वेगळं. उतरताना त्यातली दोनच्या आसपास परत मिळतात.

*

घरी चार्जिंग नाही, सगळं बाहेरच्या फास्ट चार्जरवर. असं कुणी करावं असं मी म्हणणार नाही. १० ते ८० टक्के पन्नास मिनिटांत होतं, पुढच्या २० टक्क्यांना जवळपास तेवढाच वेळ जातो, कारण बॅटरी भरत आली की गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते. हे ठाऊक असूनही ९७ टक्क्यांवर गाडी लावून जेवायला गेलेल्या महाभागांची मी वाट पाहिली आहे.

एकदा माझीच केबल निघेना. ओढली, हलवली, शिव्या दिल्या. गाडी लॉक होती, एवढंच. अनलॉक केल्याशिवाय केबल सुटत नाही. पुष्कळ गाड्यांत अडचणीच्या वेळेसाठी ओढायची एक दोरी असते. ती कुठे आहे ते आजच मॅन्युअलमध्ये बघून ठेवा, भर पावसात नको.

*

थंड प्रदेशात राहतो. उन्हाळ्यात ६.९, कडाक्याच्या थंडीत ४.६. सगळ्यात वाईट म्हणजे तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या: दर वेळी गार गाडी नव्याने तापवा. निघण्याआधी, प्लग लावलेला असतानाच गाडी गरम करून घेतो. सीटचा हीटर खातो जेमतेम, सगळी गाडी तापवणारा हीटर काही किलोवॉट.

*

मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली, गाडी ठप्प. दारसुद्धा उघडेना. १२ व्होल्टची छोटी बॅटरी मेली होती. हो, तीही असते, आणि दारांची कुलपं नि गाडी चालू होणं तिच्यावरच.

*

धागाकर्ता परत आलोय. 'बॅटरी ८० टक्के भरायची की १००' हे चौघांनी विचारलं आहे. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेटवाली) बॅटरी असेल तर अधूनमधून १०० टक्के भरा, नाहीतर किती उरली याचा गाडीचा अंदाज चुकत जातो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली) असेल तर रोजच्या वापराला ८० पुरे, प्रवासाच्या आदल्या रात्री १००. आणि १०० करून आठवडाभर उन्हात उभी करू नका.

ते वितळलेल्या सॉकेटचं वाचून विचारतो: तपासायचं कसं?

*

तासभर चार्जिंग झालं की बंद करा आणि प्लगला बाहेरून हात लावा. कोमट चालतो. हात ठेववत नसेल तर त्या सॉकेटवर पुन्हा लावू नका.

*

आत्ताच खाली जाऊन आलो. कोमट नाहीये. उद्या सकाळी वायरमन येतोय.