मारुती जिप्सीचा गिअर पडत नाही? गिअरबॉक्स उतरवायची घाई नको

भाऊ, बॉक्स बसवल्यावर इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात, चालू केलं की एकही नाही आणि रिव्हर्स तर नुसता करकरतो, असं तुम्ही लिहिलंय. मग बॉक्सला कशाला शिव्या देता? क्लच पूर्ण सुटत नसणार, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन बॉक्सपासून वेगळं होत नसणार.

खात्री करा. टू व्हील ड्राइव्हमध्ये (फक्त मागची चाकं ओढतात तसं) ठेवून मागचं एकच चाक जॅकवर घ्या, बाकीच्यांना दगड लावा, हँडब्रेक सोडा. इंजिन बंदच ठेवून पहिला गिअर टाका, कुणीतरी क्लच दाबून धरा आणि ते चाक हाताने फिरवा. अडलं तर क्लच सुटत नाही. आधी क्लच केबलचा नट आवळून बघा, फुकटातलं काम आहे. पेडलला थोडा ढिला खेळ मात्र ठेवा, नाहीतर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच ढकलणारं बेअरिंग, जाईल.

तरी नाही, तर क्लच प्लेट उलटी बसली असेल. माझी तशीच बसली होती. भुसावळला, भर मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली पाठीला गोणपाट घेऊन बॉक्स दोनदा उतरवला तेव्हा कळलं. स्प्रिंगवाली फुगीर बाजू फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या जड चाकावर) घासून चकचकीत झाली होती. ती बॉक्सकडे हवी.

आणि एक विचारायचं राहिलं. बसवताना बॉक्स शेवटचा अर्धा इंच बोल्टने ओढून घेतला होता का? तसं असेल तर प्लेटचा हब (मधला भाग) वाकला असेल किंवा पायलट बेअरिंग, म्हणजे बॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं इंजिनाकडचं बेअरिंग, फुटलं असेल. मग मात्र उतरवावाच लागेल. या वेळी प्लेट बरोबर मध्यावर धरायला जुना इनपुट शाफ्ट (बॉक्सचा प्लेटमध्ये शिरणारा दांडा) मिळतो का बघा, भंगारात सापडतो.