देशोदेशीच्या खासदारांची क्षयविरोधी एकजूट आणि आपला सीमाभाग

मूळ प्रश्न: खानापूरकर

नमस्कार. क्षयरोगाविषयी वाचत असताना ‘ग्लोबल टीबी कॉकस’ (कॉकस म्हणजे एका कामासाठी एकत्र आलेल्या लोकप्रतिनिधींचा गट) या मंचाची माहिती हाती आली. २०१४ मध्ये बार्सिलोना येथे निरनिराळ्या देशांचे लोकप्रतिनिधी एकत्र आले, पक्षभेद बाजूला ठेवून क्षयाच्या उच्चाटनासाठी आपापल्या संसदेत झटण्याचा जाहीरनामा त्यांनी केला, आणि पुढे शंभराहून अधिक देशांतील दोन हजारांवर लोकप्रतिनिधी या कामाशी जोडले गेले. ब्रिटनचे तत्कालीन खासदार निक हर्बर्ट आणि दक्षिण आफ्रिकेचे आरोग्यमंत्री ॲरन मोत्सोआलेदी यांनी आरंभी त्याचे नेतृत्व केले.

माझी शंका अशी आहे. कायदे करणे, अंदाजपत्रक संमत करणे आणि मंत्र्याला जाब विचारणे हे खासदाराचे काम. तो औषध देत नाही, थुंकी तपासत नाही. मग या सह्यांचा आमच्या तालुक्यातील एखाद्या जंगलकडेच्या वाडीत महिनोन्महिने खोकणाऱ्या माणसाशी नेमका संबंध कसा लावायचा? शिवाय आपल्याकडे दोन देशांची सोडाच, दोन राज्यांची सीमा ओलांडतानाही रुग्णाची फरफट होते. चंदगडचा रुग्ण बेळगावला येतो, कागवाडचा मिरजेला जातो, निपाणीचा कोल्हापूरला. देशोदेशीचे खासदार एकत्र येऊ शकतात, तर शेजारच्या दोन राज्यांचे आमदार का नाहीत? जाणकारांनी सविस्तर लिहावे. सीमाप्रश्नाची चर्चा कृपया येथे नको, त्यासाठी वेगळा धागा आहे.

उत्तर १: टिळकवाडीचा जुना बातमीदार

या मंचाचे मोल सह्यांवरून ठरवू नये, कारण जाहीरनामा मोडणाऱ्याला कोणतीही शिक्षा नसते. सह्यांनंतर काय घडले ते पाहावे. क्षयरोगावर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत राष्ट्रप्रमुखांच्या पातळीवर स्वतंत्र बैठक व्हावी, यासाठी अनेक देशांच्या खासदारांनी आपापल्या सरकारांकडे तगादा लावला, आणि अशी पहिली बैठक २६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यूयॉर्क येथे झाली. तीत आकड्यांत मोजता येतील अशी वचने दिली गेली: २०१८ ते २०२२ या काळात ४ कोटी रुग्णांवर उपचार, ३ कोटी लोकांना प्रतिबंधक औषध, आणि निदान व उपचारांसाठी वर्षाला १३ अब्ज डॉलर.

निकाल संमिश्र लागला. उपचार सुमारे ३ कोटी ४० लाख रुग्णांपर्यंत पोहोचले, म्हणजे उद्दिष्टाच्या ८४ टक्के. प्रतिबंधक औषध जेमतेम निम्म्या लोकांना मिळाले. पैशाच्या बाबतीत मात्र सरकारांनी हात आखडता घेतला, आणि २०२२ मध्ये १३ अब्जांच्या जागी ६ अब्ज डॉलरही जमले नाहीत. तरीही सप्टेंबर २०२३ च्या दुसऱ्या बैठकीत हेच उद्दिष्ट वाढवून २०२७ पर्यंत वर्षाला २२ अब्ज डॉलर इतके करण्यात आले. मागचे अर्धेही पुरे झाले नसताना पुढचे जवळजवळ दुप्पट ठरवायचे, ही आंतरराष्ट्रीय बैठकांची जुनी खोड आहे.

पण येथेच खासदारांचा प्रवेश होतो. वचन पंतप्रधान किंवा मंत्री देतो, पैसा मात्र संसद मंजूर करते. श्रीमंत देशांच्या संसदेत ग्लोबल फंडासाठी (क्षय, एड्स व हिवतापाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय निधी) तरतूद मागणारा खासदार आणि आपल्या संसदेत क्षयनिर्मूलनाच्या खर्चाचा हिशेब मागणारा खासदार यांच्या हाती एकच माहिती व एकच तुलना असेल, तर मंत्र्याला ‘परिस्थिती समाधानकारक आहे’ एवढे सांगून सुटता येत नाही. मंचाचा मला दिसणारा खरा उपयोग हाच आहे.

कायद्याचेही एक उदाहरण देतो. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर बेडाक्विलिन हे महत्त्वाचे औषध आहे. त्यावरील मूळ पेटंटची मुदत २०२३ च्या जुलैत संपत होती, आणि औषधाच्या एका क्षाररूपावर वेगळे पेटंट घेऊन ती पुढे लांबवण्याचा औषध बनवणाऱ्या कंपनीचा प्रयत्न होता. क्षयातून बऱ्या झालेल्या दोन स्त्रियांनी, एक मुंबईची आणि दुसरी दक्षिण आफ्रिकेची, त्याला हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. जुन्याच औषधाच्या नव्या रूपावर सहजासहजी पेटंट मिळू नये म्हणून आपल्या संसदेने पेटंट कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीत कलम ३(ड) घातले होते. खोकणाऱ्या माणसाशी खासदाराचा संबंध कसा, असे आपण विचारलेत. तो असा, आणि कधीकधी अठरा वर्षांनी दिसतो.

उत्तर २: निपाणीचे काका (निवृत्त, आरोग्य विभाग)

मी क्षय कार्यक्रमात उपचार पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे न्यूयॉर्कपेक्षा गावाकडचे लिहितो.

रुग्ण सीमा का ओलांडतो, हे आधी समजून घ्यावे. दवाखाना जवळ पडतो हे एक कारण झाले. कागवाडहून मिरज हाकेच्या अंतरावर आहे, तर बेळगाव फार दूर. दुसऱ्या कारणाबद्दल कोणी उघड बोलत नाही. गावातल्या आशाताईंना कळले की गावाला कळेल, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर सोयरीक मोडेल, या धास्तीने माणसे मुद्दाम परराज्यातल्या खासगी डॉक्टरकडे जातात. क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे कळवणे २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, परंतु नोंद तिकडे आणि माणूस इकडे, अशी गत होते.

तिसरे कारण ऊस. बीड आणि विजापूरकडच्या टोळ्या गळीत हंगामात आपल्याकडच्या आणि कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांवर येतात. साध्या क्षयाचा कोर्स सहा महिन्यांचा असतो आणि टोळीचा मुक्काम त्याहून कमी. नोव्हेंबरात चिकोडीकडे सुरू झालेल्या गोळ्या मार्चमध्ये मूळ गावी सुरू राहतीलच याची खात्री नसते, आणि गोळ्या मध्येच सुटल्या की औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाला वाट मिळते. कागदोपत्री याची सोय आहे. ‘निक्षय’ ही नोंदप्रणाली देशभर एकच आहे आणि रुग्णाची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात वर्ग करता येते. मात्र नोंदीतला पत्ता फडावरच्या खोपीचा आणि मोबाईल मुकादमाचा असेल, तर पलीकडचा कर्मचारी शोधणार कोणाला? दोन्ही जिल्ह्यांचे पर्यवेक्षक एकमेकांना ओळखत असले तर एका फोनवर काम होते, नसले तर माणूस हरवतो. अशा ओळखीवर चालणाऱ्या कामाला लेखी आदेशाचे बळ हवे, आणि तो आदेश आमदारांनी सरकारकडून मिळवावा.

आहाराविषयीही लिहितो, कारण तो पूर्णपणे अंदाजपत्रकाचा विषय आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘राशन्स’ अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांना जादा शिधा दिल्यावर त्यांच्यात क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. रुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. पैसे वेळेवर खात्यात पडले तर त्याची अंडी-डाळ येते. गोळ्या संपल्यावर पडले तर ते उधारी फेडायला जातात. आमच्या निपाणी भागात तंबाखूचा धंदा मोठा आहे. धूम्रपानाने क्षयाचा धोका वाढतो हे सांगताना आमची जीभ नेहमी थोडी अडखळायची, कारण ऐकणाऱ्याची चूल त्यावरच पेटत असे.

उत्तर ३: शंकेखोर

वरील दोन्ही उत्तरे वाचली. तरीही विचारतो. भारताने २०२५ पर्यंत क्षय संपवण्याची घोषणा २०१८ मध्ये केली, जगाने ठरवलेल्या २०३० च्या पाच वर्षे आधी. त्याचा अर्थ २०१५ च्या तुलनेत नव्या रुग्णांचे प्रमाण ८० टक्क्यांनी घटवणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ते लाखामागे २३७ होते, २०२३ मध्ये १९५ झाले. ही घट १८ टक्क्यांच्या आसपास भरते. जगातील साधारण चौथा हिस्सा रुग्ण आजही आपल्या देशात आहेत. २०२४ च्या आरंभी अनेक राज्यांत क्षयाच्या नेहमीच्या गोळ्यांचाच तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगितले. रुग्णाला ‘एक डोस चुकवू नका’ म्हणायचे आणि गोळ्या आपणच चुकवायच्या. अशा वेळी बार्सिलोनाच्या सह्यांचे कौतुक मला तरी करवत नाही.

उत्तर ४: कॅम्पातील वकील

शंकेखोर यांचे आकडे बरोबर आहेत, परंतु त्यांतून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. तारीख उलटली आणि तिचा जाब कोणी मागितला नाही, यातच लोकप्रतिनिधींची गरज दिसते.

मूळ प्रश्नातील दोन राज्यांच्या मुद्द्याला घटनेत सरळ आधार आहे. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असला, तरी संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणे ही समवर्ती सूचीतील (ज्यावर केंद्र व राज्य दोघांनाही कायदे करता येतात) २९ वी नोंद आहे. म्हणजे ‘हा त्या राज्याचा प्रश्न’ असे दिल्लीलाही म्हणता येत नाही आणि बंगळूर-मुंबईलाही.

व्यवहारात एक विचित्र अडचण आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने शेजारी राज्यांच्या समन्वयासाठी विभागीय परिषदा स्थापल्या, पण महाराष्ट्र पश्चिम परिषदेत आहे आणि कर्नाटक दक्षिण परिषदेत. ज्या दोन राज्यांना बोलण्याची सर्वाधिक गरज, ती एका टेबलावर बसतच नाहीत. त्याच कायद्यात दोन परिषदांच्या संयुक्त बैठकीची तरतूद आहे. ती कोणी मागायला हवी.

आपल्या बेळगाव जिल्ह्याला खासदारही तीन आहेत: बेळगाव, चिकोडी, आणि खानापूर व कित्तूर ज्या मतदारसंघात मोडतात त्या उत्तर कन्नडचे. विधानसभेचे मतदारसंघ १८. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा ऊस, पाणी आणि आरक्षण यांवर सभागृह दणाणते. क्षयावर एखादा प्रश्न लेखी देण्यास कोणाचीही हरकत असणार नाही, कारण त्यात कोणाची मते जात नाहीत. प्रश्न असा हवा की उत्तरात आकडा द्यावाच लागेल. पलीकडे चंदगड, कागल आणि मिरजेच्या आमदारांनी तोच प्रश्न महाराष्ट्र विधानसभेत विचारावा. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली की कोणत्या बाजूची नोंद गळते ते उघड होईल. आपल्या पातळीवरचा कॉकस तो हाच, आणि त्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही.

मूळ प्रश्नकर्ता: खानापूरकर

सर्वांचे आभार. वकीलसाहेबांच्या सूचनेप्रमाणे आमदारांना देण्यासाठी मसुदा केला आहे, कृपया तपासावा.

‘गेल्या तीन आर्थिक वर्षांत बेळगाव जिल्ह्यातून महाराष्ट्रात आणि महाराष्ट्रातून बेळगाव जिल्ह्यात किती क्षयरुग्णांची नोंद वर्ग करण्यात आली? त्यांपैकी किती जणांचा उपचार पूर्ण झाला? पोषण साहाय्याचा पहिला हप्ता निदानानंतर सरासरी किती दिवसांनी जमा झाला? याच काळात जिल्ह्यात कोणत्या औषधांचा साठा संपला होता आणि किती दिवस?’

निपाणीचे काका

मसुदा चांगला आहे, दोन दुरुस्त्या कराव्यात. पहिली, ‘वर्ग करण्यात आली’ यापुढे ‘आणि पलीकडच्या केंद्राने स्वीकारली’ हे शब्द घाला, कारण पाठवलेली आणि स्वीकारलेली नोंद यांतच रुग्ण हरवतात. दुसरी, माहिती तालुकानिहाय मागा. निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी, हुक्केरी, खानापूर आणि बेळगाव ही नावे लिहूनच द्या. जिल्ह्याचा एकच एकत्रित आकडा मिळाला, तर गोकाक-सौंदत्तीकडच्या आकड्यांत सीमेवरची गळती झाकली जाईल आणि उत्तर नेहमीप्रमाणे समाधानकारक येईल.