मदत हवी आहे: रुंदीकरणासाठी 'निकड' दाखवून सुनावणीच टाळली, आता काय करता येईल?

नमस्कार मंडळी. इथे कोणी वकील असतील किंवा भूसंपादनातून स्वतः गेलेले असतील तर कृपया वाचा. जरा लांबलंय.

आमची वडिलोपार्जित जमीन राज्यमार्गाला लागून आहे. रस्ता चौपदरी करायचं ठरलंय. गेल्या वर्षी उन्हाळ्यात मोजणीवाले आले, बांधावर लाल खुणा करून गेले. आम्ही त्यांना चहाही पाजला. नंतर वर्षभर सामसूम. आता बारा दिवसांपूर्वी नोटीस आली, तीसुद्धा वडिलांच्या नावाने. वडील जाऊन सहा वर्षं झाली आणि वारस नोंद तेव्हाच सातबाऱ्यावर चढली आहे. नोटिशीत म्हटलंय, प्रकल्प तातडीचा असल्याने हरकतींची सुनावणी होणार नाही, तीस दिवसांत ताबा द्यावा.

रस्त्याला आमचा विरोध नाही. त्या वळणावरचे अपघात आम्हीच उचललेत. पण मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना सारखं घेतलं तर विहीर वाचते. नकाशात मात्र आमच्या गटापाशी रेषा अलगद आमच्याकडे सरकली आहे. का सरकली, हे विचारायची जी एक जागा कायद्याने दिली होती, तीच गाळलीय.

थोडं वाचलं. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यात निकडीचं कलम १७ लावलं की ५अ ची हरकत-सुनावणी वगळता यायची. २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यातलं निकडीचं कलम ४० देशाचं संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा आणि नैसर्गिक आपत्ती यांपुरतं आहे, दुसरी कुठली आणीबाणी असेल तर संसदेची मंजुरी लागते. मग रुंदीकरण यात कसं बसवलं? कार्यालयात विचारलं तर उत्तर मिळालं, "अहो, रस्ता म्हणजे सार्वजनिक हितच ना." असेल. पण सार्वजनिक हित म्हणजे लगेच तातडी होते का?

त्यात धाकटा भाऊ म्हणतोय, संमती देऊन थेट खरेदीने देऊन टाकू, पंचवीस टक्के जादा मिळतात, कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार? त्याचंही चूक म्हणवत नाही. पण सही केली तर विहिरीचा मुद्दा संपला ना? आणि चेक घेतला तर पुढे भांडता येतं का?

प्रतिसाद १

आधी नोटिशीच्या डोक्यावर कुठला कायदा आणि कुठलं कलम लिहिलंय ते बघा. लोक इथेच फसतात. २०१३ चा कायदा असेल तर कलम ११ च्या अधिसूचनेनंतर हरकतीला ६० दिवस मिळतात (कलम १५). राष्ट्रीय महामार्ग असता तर १९५६ चा कायदा लागला असता, त्यात ३ए ची अधिसूचना आल्यापासून हरकतीला २१च दिवस. राज्याचा १९५५ चा महामार्ग कायदाही आहे, आणि नगरपालिका हद्दीत विकास आराखड्यातला रस्ता असेल तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा). कायदा बदलला की मुदत बदलते, दाद मागायची जागाही बदलते.

प्रतिसाद २

मी दिवाणी वकिली करतो. तुमचं कागद न बघता सल्ला देत नाही, दिशा सांगतो.

निकड या शब्दावर सर्वोच्च न्यायालय जुन्या कायद्याच्या काळापासून बोलत आलंय. नारायण गोविंद गवते हे तर महाराष्ट्रातलंच प्रकरण. ताबा लवकर हवा असणं वेगळं आणि सुनावणीपुरतंही थांबता येत नाही हे वेगळं. दुसऱ्या गोष्टीचा स्वतंत्र विचार झाल्याचं दिसावं लागतं. राधेश्याम विरुद्ध उत्तर प्रदेश (२०११) मध्ये सरकारनेच फाइल फिरवण्यात काढलेला वेळ सरकारच्या अंगावर आला. तुमची मोजणी आणि नोटीस यांत वर्ष गेलंय, म्हणून हा निकाल मुद्दाम सांगतोय. २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात घटनेच्या ३००अ कलमाखाली नोटीस मिळणं आणि म्हणणं ऐकलं जाणं हे मालमत्तेच्या हक्काचेच भाग धरले गेले.

आणि कलम ४० खरंच लावलं असेल तर ताब्याआधी मोबदल्याची ८० टक्के रक्कम द्यायला हवी. ती देऊ केलीय का?

माहिती अधिकारात फाइलवरची टिपणी मागा. निकडीचा निर्णय कोणी, कधी, काय लिहून घेतला ते त्यात असतं. सुनावणी नाही म्हणाले तरी लेखी हरकत द्या आणि आवक शिक्का मारून घ्या. मयताच्या नावाची नोटीस हा मुद्दा त्यातच घाला, पण त्यावरच विसंबू नका. तुम्हाला माहिती होतीच, असं ते म्हणतील.

दिवाणी कोर्टात मनाईसाठी जाऊ नका, कलम ६३ ने ते दार बंद आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका, आणि तीही निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) होण्याआधी. उशिरा आलेल्याकडे न्यायालय फारसं बघत नाही. खोटी आशा दाखवत नाही: रस्त्याचं काम सरसकट थांबवायला न्यायालयं नाखूश असतात. बहुतेक वेळा जिंकलात म्हणजे सुनावणी जिंकलात. तुम्हाला तेच हवं आहे, म्हणून तुमची मागणी वाजवी वाटते.

भावाला सांगा, थेट खरेदी म्हणजे खरेदीखत. तिथे नंतर वाढीव मोबदल्याचं भांडण उरत नाही. निवाड्याचा चेक 'हरकत राखून' असं लिहून उचलता येतो, आणि वाढीव मोबदल्यासाठी कलम ६४ खाली अर्ज करायचा. निवाड्याला हजर असलात तर त्याला सहा आठवडेच मिळतात.

प्रतिसाद ३

आमच्याकडे विहीर, मोटर, पाइपलाइन आणि झाडं पंचनाम्यात आलीच नव्हती. संयुक्त मोजणीचा नकाशा आणि पंचनाम्याची नक्कल आजच घ्या, प्रत्येक झाडाचा फोटो काढा, फोटोत तारीख दिसू दे. मोबदला कागदावर असलेल्याचाच मिळतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. नोटीस परत वाचली. वर २०१३ चा कायदा आहे, खाली बारीक अक्षरात कलम ४०, आणि 'आणीबाणी' कुठली याबद्दल एक अक्षर नाही. ८० टक्क्यांचा उल्लेखही नाही. माहिती अधिकाराचा अर्ज आज टाकला. भाऊ सोमवारपर्यंत सही करणार नाही असं कबूल झालाय, त्यापुढचं मला सांगता येत नाही.

वकीलसाहेब, एक राहिलं. सातबाऱ्यावर आत्याचंही नाव आहे, ती परगावी असते. रिटमध्ये तिलाही घ्यावं लागेल का, की मी एकट्याने केली तर चालेल?