जुन्या मारुती ८०० चं खरं ॲव्हरेज कसं काढायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वडिलांची कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग) मारुती ८०० अजून चालू आहे. गाडी ठणठणीत, पण ॲव्हरेजचा आकडा काही केल्या स्थिर येत नाही. कधी १३, कधी थेट १८. रस्ता तोच, चालवणारा तोच.

टाकी फुल करायची, फिरायचं, पुन्हा फुल करून लिटरनं किलोमीटर भागायचे, एवढंच करतो. पण पेट्रोल पंपावरचा नोझल कधी लवकर कट होतो, कधी उशिरा. १० लिटरच्या हिशेबात एक लिटर इकडेतिकडे झालं की दहा टक्क्यांचा फरक! काठोकाठ भरायला मन धजत नाही, उन्हात पेट्रोल फुगतं. तेव्हा टाकी बरीच रिकामी होईपर्यंत थांबावं की दोन-तीन टाक्यांची बेरीज करावी?

दुसरी शंका ओडोमीटरची, म्हणजे गाडीतल्या किलोमीटरच्या आकड्याची. टायर मूळ मापाचे नाहीत, त्यामुळे तो चुकत असेल. हायवेच्या किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहिलं तर चालेल, की जीपीएसच बरा?

आमचे मेकॅनिक म्हणतात, बाटलीत मोजून एक लिटर घ्या, इंजिनाच्या पेट्रोल पंपाची टाकीकडची नळी तिच्यात सोडा आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवा. पण रिटर्नची (उरलेलं पेट्रोल परत नेणारी) नळी टाकीत जाते, मग तीही बाटलीतच सोडायला हवी ना? शिवाय गरम इंजिनाशेजारी पेट्रोलची बाटली म्हणजे जरा धास्तीच वाटते. कुणी केलंय का हे?

ई-२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मुळे ॲव्हरेज थोडं घटणार हे धरलेलंच आहे. कार्ब्युरेटर उघडण्याआधी आकडा भरवशाचा हवा, एवढंच.